उजवीकडून गंज

आमोण्याच्या धक्क्यावर उभे राहिले की
समोर 'सातेरी कृपा', आडवी, रिकामी बार्ज.
कुशीवर पांढऱ्या रंगात हातभर उंच आठ अंक:
७३९३९१३३.
विम्याचा नंबर की बंदर खात्याचा, मालकालाही आठवत नाही.
मी अकरा वर्षे खेपवहीच्या माथ्यावर तोच लिहीत आलो.
खाली भरती, ओहोटी, टन, सही.

खाणी बंद झाल्या. वहीची दोनशे पाने कोरी राहिली.
मी त्या आकड्याला भागायला बसलो.

सात कोटी एकोणचाळीस लाख
एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस.
मोठ्याने म्हणून पाहा. एकोणचाळीस दोनदा येतो,
फेरीतून उतरलेला माणूस
छत्री विसरली म्हणून परत चढावा तसा.

दोन आणि पाच दारातूनच परतले.
तीनसाठी अंकांची बेरीज: अडतीस. नाही.
सातने बाकी दोन. अकराने चार. तेराने आठ.
मी पेन्सिल ओली केली. आता सोळा येणार!
सतराने आले तेरा.
आकडे असेच, ओळख दाखवतात
आणि तिठ्यावर दुसरीकडे वळतात.

आठ हजार पाचशे अठ्ठ्याण्णवपर्यंतच जायचे होते,
त्यापलीकडचा भाजक एकटा येत नाही,
त्याचा जोडीदार अलीकडेच भेटला असता.
तरी हजारावर भागाकार.
चवथीला बसलो, शिगम्याला उठलो.
कुणालाच तो निःशेष गेला नाही.

त्याच आठवड्यात पुरसो, आमचा वॉचमन, म्हणाला,
"बाब, तुमचो एक तीन उदकांत गेलो."
खरेच. शेवटच्या तीनचा पापुद्रा सुटला होता.
उजवे टोक पश्चिमेला, खारा वारा तिथूनच येतो.
उरले त्र्याहत्तर लाख त्र्याण्णव हजार नऊशे तेरा.
नावसुद्धा पार बदलले.
भागून पाहिले. अभाज्य.

पुढच्या वर्षी आणखी एक तीन. मागोमाग एक.
मग मी गंजाची वाट पाहिली नाही,
तळहाताने एकेक अंक झाकत गेलो:
त्र्याहत्तर हजार नऊशे एकोणचाळीस,
सात हजार तीनशे त्र्याण्णव,
सातशे एकोणचाळीस, त्र्याहत्तर, सात.
एकही फुटेना.
कितीही खाल्ले तरी
उरते ते अख्खेच उरते.

पुरसोकडे अर्धा डबा पांढरा रंग होता.
म्हणाला, गेलेले रंगवूया, वर एक नवा अंक लावूया,
मालकाला बरे वाटेल.
मी त्याला वही दाखवली.
सम अंक लावला की दोन येतो, शून्य-पाचला पाच.
एक लावला की बेरीज एकोणचाळीस, सात लावला की पंचेचाळीस,
दोन्हीकडे तीन टपलेला.
राहिले तीन आणि नऊ. त्यांनाही भाजक निघतो,
फक्त उशिरा, डोळे दुखल्यावर.
म्हणजे तो वाढून वाढून आठ घरांपर्यंत आला होता
आणि पुढे जागाच नव्हती.
पुरसोने डब्याचे झाकण दाबून बसवले.
"मग रंग घरी न्हेतां."

परवा इनास आला, गॅसकटर घेऊन. भंगाराचा भाव ठरला.
कापायला सुरुवात पश्चिमेकडूनच, तिकडे पत्रा पातळ.
मी सावलीत बसून पाहत होतो.
सात राहिला तेव्हा म्हटले, हा तुकडा मला दे.
त्याने काट्यावर ठेवला. एक्केचाळीस किलो.
मी हसलो. पैसे त्याने पुरते घेतले.

घरी न्यायला टेम्पो मिळाला नाही.
आता तो पुरसोच्या मागच्या दारी, व्हाळावर आडवा,
त्यावर बसून त्याची बायको सुंगटे सोलते.
अंक खालच्या बाजूला आहे, पाण्याकडे.